एकच फिल्म, दोन आलेख

संस्थेत तिला सगळे वहिनी म्हणत. दारावरच्या रखवालदारापासून संचालकांपर्यंत सगळे. चूक तिच्या नणंदेची. नणंद त्याच संस्थेत, पॉलिमरच्या प्रयोगशाळेत मुरलेली. भावजय रुजू झाली त्या पहिल्याच दुपारी तिनं भरल्या कॅन्टीनमध्ये लांबून हाक मारली, "अहो वहिनी, इकडे या, इथं जागा आहे!" झालं. डॉक्टरेट, शोधनिबंध, मोठमोठ्या ठिकाणचा अनुभव, सगळं त्या एका हाकेत वाहून गेलं आणि उरली ती वहिनी.

तशी नात्याची भानगड मुळातच अवघड होती. थोरल्या भावाची बायको म्हणून नात्यानं ही मोठी. वयानं मात्र नणंद चांगली सात-आठ वर्षांनी मोठी. त्यामुळे ती हिला वहिनी म्हणे, ही तिला ताई म्हणे, दोघी एकमेकींना अहो-जाहो करत, आणि कुठल्याही दारातून आधी आत कोणी जायचं यावर दोघी बाहेरच खोळंबून राहत. ताईनं लग्न केलं नव्हतं. ती भावाच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत राही, आणि रात्रीचं जेवण मात्र खाली, भावाकडे. भाऊ म्हणजे दादा, शाळेत चित्रकलेचा मास्तर. तो म्हणायचा, "तुमच्या मानापानात एक दिवस माझं ताट थंड होऊन मी उपाशी मरणार."

वहिनीच्या ताब्यात चुंबकाची खोली होती. खोलीच्या मधोमध माणसापेक्षा उंच, पांढऱ्या पिंपासारखा चुंबक. त्याच्या मधल्या पोकळीत काचेची बारीक नळी सोडायची, रेडिओलहरींचा एक ठोका द्यायचा आणि आतले अणू काय उत्तर देतात ते ऐकायचं, एवढंच तिचं काम. एवढंच म्हणायला. बंद दाराबाहेर उभं राहून, आत कोण कुठल्या खुर्चीवर कुणाकडे तोंड करून बसलंय ते नुसत्या आवाजावरून सांगायचं, तशातला प्रकार. चुंबकाभोवती जमिनीवर लाल पट्टी चिकटवली होती. तिच्या आत किल्ल्या, घड्याळं, लोखंडी वस्तू न्यायच्या नाहीत. शरीरात धातूचं किंवा विजेवर चालणारं काही बसवलेलं असेल तर आत येऊ नये, अशी पाटी दारावर होती, आणि बाहेरून आलेल्या प्रत्येकाला वहिनी तेच तोंडानंही विचारत असे.

पूर्वी ताई या खोलीत रोज डोकावायची. प्लास्टिकचं स्टूल ओढून पडद्यासमोर बसायची, "हा सुळका कसला? तो कुठून आला?" म्हणून जीव खायची. मग दोन वर्षांपूर्वी खोलीचे जुने प्रमुख निवृत्त झाले, कारभार वहिनीकडे आला, आणि त्याच सुमाराला ताईचं येणं बंद झालं. एकदम बंद. नमुने द्यायचे तर ती बाहेरच्या टेबलावर ठेवून जाई, काही विचारायचं तर फोन करी, फारच गरज पडली तर दाराशी उभी राही. वहिनीनं आपल्या मनाशी दोनात दोन मिळवून चार केले. खोली माझ्या हाताखाली आली आणि यांचे पाय जड झाले. बोलून दाखवलं नाही, पण सल राहिला.

अशात एके दिवशी काचवाला आला. गोरामोरा झालेला, हातात गुंडाळलेली फिल्म. त्याचा कारखाना एक वेगळी काच बनवायचा. एरवी दुधासारखी पांढरी. बटण दाबून वीज सोडली की लख्ख पारदर्शक. दोन काचांच्या मध्ये एक पातळ फिल्म असते, तिची ही करामत.

"साहेब, एका डॉक्टरबाईंच्या तपासणीच्या खोलीला ही खिडकी बसवली," तो संचालकांना सांगत होता. "सकाळी अगदी गुणी मुलीसारखी वागते. बटण बंद केलं की दुधाळ. संध्याकाळी बाई पेशंट तपासायला येतात, बटण बंद करतात, तर ही आपली अर्धीमुर्धी पारदर्शकच! समोर बसथांबा आहे हो! बाईंनी शेवटी चादर टांगली. एवढी महागाची काच आणि वर चादर!"

कुणी हसलं नाही, कारण काचवाल्याचा चेहरा हसण्यासारखा नव्हता.

संचालकांनी काम दोघींत वाटून दिलं. तशाच फिल्मा ताईनं बनवायच्या आणि त्यांच्या आत काय चाललंय ते वहिनीनं चुंबकात बघायचं.

फिल्म म्हणजे साध्या भाषेत पारदर्शक प्लास्टिक, आणि त्यात अडकलेले डोळ्यांना न दिसणारे असंख्य थेंब. थेंब असतात द्रवस्फटिकाचे. हा पदार्थ मोठा गमतीचा. वाहतो पाण्यासारखा, पण आतले लांबुडके रेणू रांगेत उभ्या केलेल्या मुलांसारखे एकाच दिशेला तोंड करून असतात. फक्त प्रत्येक थेंबाची दिशा वेगळी. या थेंबाचं तोंड पूर्वेला, तर शेजारच्याचं दक्षिणेला. त्यामुळे उजेड आत शिरला की धडपडतो आणि फिल्म दुधाळ दिसते. वीज सोडली की सगळे थेंब एका दिशेला वळतात, उजेडाला वाट मिळते. वीज काढली की प्रत्येकानं आपापल्या मूळ दिशेला परत जायचं, असा करार. डॉक्टरबाईंच्या खिडकीतले थेंब संध्याकाळी तो करार मोडत होते.

ताईनं काही रेणूंना जड हायड्रोजन जोडून दिला, म्हणजे चुंबकात त्यांचा आवाज स्वच्छ ऐकू यावा. एक मोठा तुकडा बनवला, अर्धा स्वतःकडे मायक्रोस्कोपसाठी ठेवला आणि उरलेल्याच्या पट्ट्या कापून बाहेरच्या टेबलावर ठेवून गेली. वहिनीनं एक पट्टी गुंडाळून नळीत घातली, नळी चुंबकात सोडली. पडद्यावर आलेख उमटला तो पाहून ती सुखावली. दोन उंच, धारदार सुळके. दोन सुळके म्हणजे सगळ्या थेंबांची तोंडं एकाच दिशेला. फिल्ममध्ये जन्मतःच शिस्त आहे. मग काच पारदर्शक राहील नाही तर काय?

बैठकीत तिनं तसं सांगितलं. ताईनं शांतपणे आपले फोटो टेबलावर मांडले. मायक्रोस्कोपखाली काढलेले, थेंबन् थेंब दिसणारे. प्रत्येकाची दिशा निराळी.

"फिल्म तीच ना?" संचालकांनी विचारलं.

"तीच," दोघी एकदम म्हणाल्या.

"मग थेंब रांगेत आहेत की विस्कटलेले? काहीतरी एक ठरवा बुवा. मी या गृहस्थांना काय सांगू?"

काचवाला एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होता. माहेर-सासरच्या भांडणात सापडलेल्या पाहुण्यासारखा.

वहिनीनं मोजणी पुन्हा करायची ठरवली. तिची आपल्या आलेखावर श्रद्धा होती. पण त्या दिवशी सगळं उलटंपालटं. गरम हवेच्या यंत्राचा फ्यूज उडालेला, दुरुस्तीवाला उद्या येतो म्हणालेला, संचालकांचा सारखा फोन. तिनं दुसऱ्या एका नमुन्यावर उपकरण जुळवून घेतलं, घाईघाईत ताईची नवी पट्टी आत सोडली आणि बघते तो काय, सुळक्यांचा पत्ता नाही! उंटाच्या पाठीसारखं एक पसरट, दोन मदारींचं टेकाड. सगळे थेंब विस्कटलेले. म्हणजे ताई म्हणत होती तेच खरं.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. तरी खरं ते खरं, म्हणून ती स्वतः पॉलिमरच्या प्रयोगशाळेत गेली. "ताई, माझंच चुकलं असावं. या वेळी तुमच्यासारखंच आलंय."

ताई खूश होईल असं तिला वाटलं होतं. ताईनं कपाळावर हात मारला. "अहो, आता कुठे मी तुमच्यावर विश्वास ठेवला! तुमचे सुळके खरे धरून पॉलिमरचं सगळं प्रमाण बदलायला घेतलंय. कालपासून तीन घाणे बनवले मी!"

"मग मी पुन्हा मोजते."

"मोजा बाई."

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाला येऊन गेल्यावर तिनं पुन्हा मोजलं. दोन सुळके. उंच आणि धारदार, पहिल्यासारखे.

आता मात्र वहिनीच्या डोक्याचं पार खोबरं झालं. घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते कळेना. चुंबक तोच, नळ्या तशाच, हात तिचेच. बदलत होती ती फक्त पट्टी. आणि पट्टी कोण देत होतं? हा विचार मनात आला तेव्हा तिला स्वतःचीच लाज वाटली. पण विचार लाज बघून थोडाच परत जातो. घरी येईपर्यंत त्यानं चांगलं बस्तान बसवलं होतं. ताई आपल्याला मुद्दाम वेगवेगळ्या फिल्मा देतेय. परीक्षा घेतेय. नाही तर तोंडघशी पाडतेय.

जेवताना दादा आपला कुठल्याशा मुलानं काढलेल्या तीन पायांच्या घोड्याची गोष्ट सांगत होता. वहिनीचं लक्ष नव्हतं. मध्येच ती म्हणाली, "ताई, त्या तिन्ही पट्ट्या एकाच तुकड्यातल्या होत्या ना?"

ताईचा हात थांबला. "म्हणजे?"

"नाही, आपलं विचारलं."

"आपलं विचारलं म्हणजे? मी तुम्हाला खोट्या पट्ट्या देते?"

"मी तसं कुठे म्हटलं?"

"म्हणायचं काय बाकी ठेवलंत?"

"अरे, अरे," दादा म्हणाला, "घोड्याचा चौथा पाय राहिला ना सांगायचा."

पण वहिनीचा बांध फुटला होता. "मग एकदा आत येऊन स्वतःच्या डोळ्यांनी का बघत नाही? दोन वर्षं झाली, खोलीत पाय ठेवला नाहीत तुम्ही. बाहेर टेबलावर नमुने ठेवून जाता, परक्यासारखं. माझ्या हाताखालची खोली म्हणून कमीपणा वाटतो का?"

ताईनं तिच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग होता की आणखी काही, ते वहिनीला ओळखता येईना. रागावलेलं माणूस असं घाबरल्यासारखं बघत नाही. ताई एवढंच म्हणाली, "उद्या येते." आणि पान तसंच टाकून वर निघून गेली.

"काय झालं हिला?" दादानं विचारलं.

"मला काय माहीत? तुमची बहीण!"

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई खरंच आली. पण दाराशीच थांबली, लाल पट्टीपासून चांगली दोन पावलं मागे, दोन्ही हात छातीशी बांधून.

"सांगा," ती म्हणाली. "नळी हातात घेतल्यापासून काय काय करता ते एकेक करून सांगा. मी इथूनच बघते."

'इथूनच' ऐकून वहिनीचा पारा चढला, पण ती कामाला लागली. मोठ्यानं, शाळेत पाढे म्हणावेत तशी बोलू लागली. "ही पट्टी. ही नळीत घातली. ही नळी आत सोडली. आता गरम हवा सुरू केली. गरम झालं की आतली सगळी शिस्त मोडते, थेंबांतला पदार्थ साध्या पाण्यासारखा होतो आणि एकच सरळ रेघ येते. त्या रेघेवर उपकरण जुळवून घेते. ही बघा रेघ. आता हवा बंद. थंड होऊ दिलं. आता खरी मोजणी."

"थांबा." ताईचा आवाज एकदम बदलला. "तुम्ही ती गरम करता? चुंबकात असताना?"

"जुळवणी त्याशिवाय कशी करणार?"

"दर वेळी?"

"दर वेळी," वहिनी म्हणाली, आणि तोंडातला शब्द पुरा व्हायच्या आत तिला आठवलं. "नाही. दुसऱ्यांदा नाही. तेव्हा फ्यूज उडाला होता."

चुंबकाचा पंप तेवढा धापा टाकत होता.

"म्हणजे," वहिनी हळूहळू, चाचपडत बोलू लागली, "गरम झाल्यावर थेंब आपली दिशा विसरतात. मग चुंबकाच्या पोटातच थंड होतात. थंड होताना चुंबक म्हणेल ती दिशा धरतात..."

"आणि प्लास्टिकच्या भिंती त्यांना तशीच पकडून ठेवतात!" ताई म्हणाली. "आणि मी मायक्रोस्कोपखाली बघत होते तो माझ्याकडचा अर्धा तुकडा. तो कधी चुंबकात गेलाच नाही. तुमच्या पट्ट्यांचं पुढे काय करता?"

"चुरगळतात, म्हणून टाकून देते."

"देवा!"

वहिनीला हसू फुटलं. इतक्या दिवसांचा गुंता असा सुटतोय म्हटल्यावर तिला राहवेना. पडद्यावर दोन सुळके वर चढत होते. ती धावत दाराशी आली, ताईचं मनगट धरलं आणि "अहो या ना आत, बघा तर खरं, तुमच्याच समोर उमटतायत!" म्हणत तिला ओढलं.

"सोडा!"

ताई अशी किंचाळली की वहिनीचा हात आपोआप सुटला. पण ओढण्याच्या भरात ताईची पावलं लाल पट्टीच्या आत पडली होती. ती मागच्या मागे धडपडली, दाराच्या चौकटीला आपटली आणि काही न बोलता बाहेर निघून गेली.

वहिनी जागच्या जागी खिळली. कुणाला हात लावला म्हणून कुणी असं ओरडतं? आपण काय केलं? एवढा तिटकारा? मग तिची नजर दारावरच्या पाटीवर गेली. रोजची पाटी. इतक्या वर्षांत ती तिनं धड वाचलीही नव्हती, पाठच होती. आता पहिल्यांदा वाचत असल्यासारखी तिनं ती वाचली आणि तशीच बाहेर धावली.

ताई जिन्यात बसली होती. एक हात डाव्या खांद्याच्या खाली, गळपट्टीच्या हाडाजवळ.

"ताई?"

"बसा," ताई म्हणाली. "ठीक आहे मी. क्षणभर नेहमीचा ताल सोडला त्यानं. आता आला ताळ्यावर."

"कधी बसवलं?"

"दोन वर्षं झाली. परिषदेला जाते म्हणून गेले होते ना, आठवडाभर? परिषद कसली आणि काय. प्रयोगशाळेत दोनदा चक्कर येऊन पडले होते त्याआधी. कुणाला कळू दिलं नाही. ठोके मध्येच गळायचे. डॉक्टर म्हणाले, यंत्र बसवा."

"आणि आम्हाला सांगितलं नाहीत? खाली-वर राहतो आपण!"

ताईनं खांद्याखालचा हात काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "का नाही सांगितलं ते मलाच नीट कळत नाही, वहिनी. दादाला सांगितलं असतं तर त्यानं नोकरी सोडायला लावली असती, असं तेव्हा वाटलं. तुम्हाला सांगितलं असतं तर दादाला कळलं असतं. नंतर वाटलं, आता इतके दिवस लपवलं, आता कोणत्या तोंडानं सांगू? एकेक दिवस गेला की सांगणं आणखी अवघड होत गेलं."

"मला वाटलं, माझ्यावर रुसलात म्हणून येत नाही."

"तुम्हाला तसं वाटतंय ते दिसत होतं मला. वाटू दिलं. तेच सोयीचं होतं."

रागवावं तर समोर बसलेली बाई पांढरीफटक पडलेली. कीव करावी तर दोन वर्षं आपण उगाच कुढलो तो हिशोब कुठे मांडायचा? बाहेरून येणाऱ्या यच्चयावत माणसांना जो प्रश्न आपण विचारतो, तो घरच्या माणसाला एकदाही विचारला नाही, हेही टोचत होतं. तिनं नुसतं ताईचं मनगट पुन्हा धरलं, या वेळी हलकेच, आणि नाडी बघत बसली. नाडी नियमित होती. घड्याळासारखी, आणि तसल्या यंत्राच्या नियमितपणाचीच तिला भीती वाटली.

ताई नको नको म्हणत असताना तिनं रिक्षा बोलावली आणि तिला तिच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी छातीवर एक चपटं उपकरण धरून यंत्राची तपासणी केली. सगळं जागच्या जागी आहे म्हणाले, आणि मग वहिनीकडे वळून, "तुम्ही यांच्या कोण?"

"भावजय. आणि ज्या चुंबकात यांना ओढलं तो माझाच."

डॉक्टरांना हसावं की रागवावं कळलं नाही. शेवटी ते रागावले.

दुपारी ताईला घरी जा म्हटलं तर ती ऐकेना. "ती पट्टी टाकली नाहीत ना?" तिचं पहिलं वाक्य. पट्टी नळीतच होती. वहिनीनं प्लास्टिकच्या चिमट्यानं ती अलगद काढली आणि पॉलिमरच्या प्रयोगशाळेत नेली. मायक्रोस्कोपखाली ठेवून ताईनं खालची तबकडी फिरवली. चुंबकात न गेलेल्या तुकड्यात थेंब एकेक करून, आपापल्या मर्जीनं विझायचे आणि पेटायचे. या पट्टीत सगळे थेंब एकदम काळवंडले, आणि तबकडी आणखी फिरवताच एकदम उजळले, म्हणजे सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला.

"बघा," ताई बाजूला झाली.

"तुम्ही बघा ना आधी."

"मी बघितलं हो! वहिनी, आता तरी मानापान पुरे."

ताईनं पट्टी जराशी गरम केली आणि चुंबकाशिवाय, साध्या टेबलावर गार होऊ दिली. पुन्हा पाहिलं तर सगळे थेंब विस्कटलेले, ज्याची त्याची दिशा वेगळी. म्हणजे दोघी खरं बोलत होत्या आणि दोघींना अर्धंच माहीत होतं.

डॉक्टरबाईंच्या खिडकीचं कोडंही मग तिथेच, त्या टेबलाशी बसून सुटलं. निदान सुटल्यासारखं वाटलं. ताईनं काचवाल्याला फोन लावला. "खिडकी पश्चिमेला आहे का?"

"हो. का?"

"दुपारी बाई नसताना काच कशी असते? दुधाळ की पारदर्शक?"

काचवाल्यानं विचारून सांगितलं. पारदर्शक. खिडकीत कुंड्या आहेत, त्यांना उजेड मिळावा म्हणून बाई बटण चालूच ठेवून जातात. म्हणजे दुपारच्या उन्हात फिल्म तापायची, थेंब आपली दिशा विसरायचे, संध्याकाळी गार होताना वीज चालूच. चुंबकाच्या जागी वीज, बाकी सगळं तेच. विजेनं दाखवलेली दिशा भिंती धरून ठेवत होत्या. रात्रभर बटण बंद राहिलं की ती पकड हळूहळू सुटायची, म्हणून सकाळी काच पुन्हा गुणी.

"मग दोष कुणाचा?" काचवाल्यानं विचारलं. "काचेचा, उन्हाचा की कुंड्यांचा?"

"ते तुम्ही ठरवा," ताई म्हणाली. "आठ दिवस दुपारी बटण बंद ठेवायला सांगा."

सांगितल्याप्रमाणे बाईंनी केलं आणि काच संध्याकाळी दुधाळ राहू लागली. जवळजवळ रोज. दोनदा राहिली नाही, आणि त्या दोन दिवसांचं कारण कुणालाच सांगता आलं नाही. काचवाला मात्र खूश. जास्त उष्णता सोसेल असं द्रवस्फटिक घालून नवी काच बनवतो म्हणून गेला.

घरची गोष्ट इतकी सरळ झाली नाही. दादाला सांगायचं की नाही, आणि सांगायचं तर कुणी, यावर दोघींचा जिन्यात खल झाला. शेवटी ताईनं त्याच रात्री जेवताना, दादा दुसऱ्यांदा वाढून घेत असताना, मध्येच सांगून टाकलं. "दादा, माझ्या छातीत यंत्र आहे. हृदयाचं. दोन वर्षं झाली."

दादा हसला. त्याला ती थट्टा वाटली. मग त्यानं दोघींचे चेहरे पाहिले, हातातला डाव खाली ठेवला आणि उठून दुसऱ्या खोलीत गेला. बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते. तो ताईशी बोलला नाही, बायकोवर खेकसला. "तुला माहीत होतं?"

"आज सकाळपासून."

"मग सकाळीच का नाही सांगितलंस?"

त्यानं पुढे दोन दिवस दोघींशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी तो ताईच्या खोल्यांत जाऊन जिन्यासारखी उंच मांडणी उतरवून आला, वरच्या फळीवरचं सामान खाली लावून आला, आणि नोकरी सोड म्हणाला. ताई नाही म्हणाली. तो पुन्हा म्हणाला. ती पुन्हा नाही म्हणाली. वहिनी मध्ये पडली नाही. कुणाची बाजू घ्यावी ते तिला खरोखरच कळत नव्हतं. सकाळी दादाचं पटायचं, संध्याकाळी ताईचं. हा वाद मग हळूहळू रोजच्या जेवणातच मुरला.

संस्थेत मात्र वहिनीनं एक काम लगेच करून घेतलं. विजेच्या माणसाला बोलावून भिंतीतून लांब वायर ओढवली आणि एक जास्तीचा पडदा बाहेरच्या व्हरांड्यात, लाल पट्टीपासून बऱ्याच अंतरावर बसवला. त्याच्यासमोर ताईचं जुनं प्लास्टिकचं स्टूल. संचालकांनी कारण विचारलं तेव्हा ताईनं स्वतःच सांगितलं. त्यांनी समोरचा कप तिच्याकडे सरकवला आणि म्हणाले, "चहा घ्या."

नव्या काचेची फिल्म तयार झाली तेव्हा ताई त्या स्टुलावर येऊन बसली. वहिनीनं आत नळी सोडली, या वेळी न तापवता, आणि दार उघडं ठेवून ओरडली, "दिसतंय का?"

"दिसतंय. टेकाड आलंय. छान पसरट. पण वहिनी..."

"काय?"

"टेकाडाच्या बरोबर मध्ये ही बारीक रेघ कसली?"

वहिनी आतल्या पडद्यावर वाकली. टेकाडाच्या मधोमध एक सुईसारखी सरळ रेघ उभी होती. तशी रेघ फिल्म गरम असताना यायची. थंड फिल्ममध्ये तिचं काही काम नव्हतं.

"थोडा पदार्थ थेंबांत न जाता प्लास्टिकमध्येच विरघळून राहिला असेल," ती दारातून म्हणाली.

"या प्रमाणाला? शक्यच नाही. मी स्वतः मोजून घातलंय."

"मग थेंबच इतके बारीक झाले असतील की..."

"तेही नाही. सकाळीच बघितले मी."

"मग काय असेल?"

"मला काय विचारता? चुंबक तुमचा."

"फिल्म तुमची!"

वहिनी बाहेर आली, ताईच्या मागे उभी राहिली आणि दोघी त्या रेघेकडे बघू लागल्या. थोड्या वेळानं ताईनं स्टुलावर जरा सरकून अर्धी जागा करून दिली.